बाजार बांधून भरत नाही

झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडयांचे दिवस सुरू होतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या प्रत्येक गावाची मंडई ठरलेली. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, दुपारी दंडार रंगते आणि रात्री नाटकाचा पडदा उघडतो. त्या दिवशी गावच्या आखरावर मिठाईपासून बांगड्यांपर्यंत, पोरांच्या खेळण्यांपासून घमेल्या-टोपल्यांपर्यंत सगळ्याची दुकाने लागतात. दुसऱ्या दिवशी तिथे दुकानाची खूणही राहत नाही. पुण्याकडे मंडई म्हटले की १८८६ साली उभी राहिलेली ती दगडी इमारत आठवते. इकडे मंडई हा माणसांनी भरलेला दिवस असतो. विक्रेत्याला आधी गाळा लागत नाही. त्याला माणसे येणार याची खात्री लागते.

शहराच्या मध्यातले बंद शटर, ओस गाळे आणि छोट्या दुकानदाराची दमछाक यांवर गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर बोलले जाते आहे. गोंदिया शहर आणि त्याला चिकटलेले फुलचूर ही जोडी समोर ठेवली, तर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एका नजरेत येतात. गोंदियात जुनी, दाटीची बाजारपेठ आहे. फुलचुरात शहर आता रस्त्याकडेने पसरू लागले आहे. गोंदियाहून गोरेगाव, कोहमाऱ्याकडे म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गाकडे जाणारा रस्ता फुलचुरातून जातो आणि आमगावचा फाटाही तिथल्या नाक्यापासून फार लांब नाही. गावाच्या नावाने फुलचूरटोला आणि फुलचूरपेठ अशा वस्त्याही आहेत. हद्द ग्रामपंचायतीची असली, तरी व्यवहार शहराशी जोडलेले आहेत.

रेल्वेने वसवलेली पेठ

गोंदियाच्या नावात डिंक आहे. आसपासच्या जंगलातून डिंक आणि लाख गोळा करून इथे विकायला आणत. पण गावाचे शहर केले ते रेल्वेने. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी गाडी इथून धावू लागली, पुढे तो मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथून बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड, चांदा फोर्टकडे नॅरोगेज मार्ग निघाले. मोठ्या रुळावरचा माल आणि माणूस छोट्या रुळावर जायचा तर गोंदियाला उतरणे भाग होते. उतरलेला माणूस चहा पितो, कापड बघतो, भांडे घेतो. सिंधी, मारवाडी, गुजराती, अग्रवाल व्यापाऱ्यांची दुकाने, धानाच्या गिरण्या आणि तेंदूपत्त्यावर उभे राहिलेले बिडीचे कारखाने यांनी मिळून गोरेलाल चौक, चांदणी चौक, दुर्गा चौक हा पट्टा भरून टाकला. बालाघाट, लांजी, किरनापूरची गिऱ्हाईके राज्याची सीमा ओलांडून इथे येत राहिली. म्हणून या बाजाराची बोली आजही मराठी, हिंदी आणि पोवारी अशी मिसळीची आहे.

या कहाणीतच आजच्या अडचणीचे एक कारण दडले आहे. जबलपूरपर्यंतचा मार्ग २०२०-२१ च्या सुमारास पूर्ण रुंद झाला. ही चांगलीच गोष्ट. मात्र गाडी बदलण्यासाठी थांबण्याचा वेळ त्याबरोबर संपला. नागपूर रेल्वेने जेमतेम १३० किलोमीटरवर आहे, आणि नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्ग झाला की लग्नाचा बस्ता बांधायला नागपूर गाठणे आणखी सोपे होईल. जो बाजार थांब्यावर उभा राहिला, त्याला थांबा गेल्यावर दुसरे कारण शोधावे लागते.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कार्यालये आली, आणि त्यांना लागणारी मोठी जागा जुन्या बाजारात नव्हती. जिल्हा पातळीची कार्यालये आमगाव मार्गाच्या बाजूला गेली. कामासाठी सालेकसा, देवरीहून येणारा माणूस पूर्वी बाजारातूनच जायचा. आता त्याचे काम बाजाराच्या बाहेर होते, परतीची एसटीही तिथूनच मिळते. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची लोकसंख्या १ लाख ३२ हजारांच्या वर होती. शहर वाढले, पण वाढ बाहेरच्या कडेला झाली. रस्त्याला लागून गाळे काढणे हा फुलचूरसारख्या गावांत शेतीपेक्षा भरवशाचा धंदा वाटू लागला, तो याच काळात.

फुलचूरसारख्या हद्दीवरच्या गावांत ऐकू येणाऱ्या नाका या शब्दाचीही एक गंमत आहे. नगरपालिकांच्या जकातीचा काळ होता तेव्हा माल हद्दीत शिरला की पैसे भरावे लागत, त्यामुळे हद्दीबाहेर गोदाम ठेवण्यात फायदा होता. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. हद्दीबाहेरचा फायदा मात्र गेला नाही, त्याने रूप बदलले. गाडी लावायला जागा, स्वस्त जमीन आणि ग्रामपंचायतीची हलकी घरपट्टी हे त्याचे आजचे रूप.

शटर का पडते

गोंदियाचा बाजार मेला आहे असे कोणी म्हटले तर धनत्रयोदशीला त्याने गोरेलाल चौकातून चालून दाखवावे. प्रश्न आहे तो सणासुदीखेरीजच्या दिवसांचा, आणि राज्यभर दिसणाऱ्या त्या गाळ्यांचा जे कधी उघडतच नाहीत. कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

पहिले कारण हंगामाचे. हा धानाचा जिल्हा आहे. खरेदी केंद्रावर धान मोजून झाले आणि चुकारे खात्यात आले की बाजार हलतो. चुकारे लांबले की बाजारही थांबतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. पण दुकानदाराला भावाइतकीच पैसे हाती येण्याच्या तारखेची काळजी असते. पूर्वी ही दरी किराणावाल्याची वही भरून काढायची. धान निघेपर्यंत माल उधार, धान निघाल्यावर हिशेब. मोठ्या दालनात आणि मोबाइलवरच्या दुकानात ही वही नाही, तिथे हप्ता आहे. वहीवाला उधारी देतो म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे साखर घेते आणि रोकड हाती आली की मोठी खरेदी दुसरीकडे करते. छोट्या दुकानदाराच्या वाट्याला जोखीम राहते, नफा दुसरीकडे जातो.

दुसरे कारण भाड्याच्या कायद्याचे. विदर्भात १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडेकरूला घर किंवा दुकान सोडायला लावण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. त्याच्या जागी राज्यासाठी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूला संरक्षण राहिले, मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ज्या दुकानाचे भाडे मुळातच काही शे रुपये होते, त्यावर ४ टक्क्यांनी काय होणार? म्हणून मालक दुरुस्तीला हात लावत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही. जो मालक एकदा पोळला आहे, तो नव्या माणसाला दुकान देण्यापेक्षा शटर खाली ठेवणे पसंत करतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला तर मालक बऱ्यापैकी सुरक्षित असतो, पण छोट्या शहरात हा करार अजून तोंडीच चालतो.

तिसरे कारण पालिकांच्या स्वतःच्या गाळ्यांचे. व्यापारी संकुल बांधायचे, सर्वात जास्त अनामत भरणाऱ्याला गाळा द्यायचा आणि त्या पैशातून पुढचे संकुल बांधायचे, ही राज्यभरची रीत. तळमजला जातो, वरचे मजले कबुतरांना राहतात. याचे टोकाचे उदाहरण जळगावचे. तिथे महापालिकेच्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली, आणि भाडे किती, थकबाकी किती, दंड किती यावर गाळेधारक आणि पालिका वर्षानुवर्षे भांडत राहिले. २०१९ च्या राज्याच्या नियमांनी महापालिकांच्या मालमत्तांचे भाडे बाजारमूल्याच्या किमान ८ टक्के ठरवले. व्यापाऱ्यांना ते झेपेना आणि पुढे दर खाली आणावा लागला. पालिकेने गाळ्याकडे फक्त उत्पन्न म्हणून पाहिले की शेवटी ना उत्पन्न मिळते, ना बाजार.

चौथे कारण पायाखालचे आहे. बाजारात गाडी लावायला जागा नाही, चालायला फूटपाथ नाही, आणि दिवसभराच्या खरेदीला आलेल्या बाईसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नाही. सालेकशाहून पहाटे निघालेली बाई बस्ता आटोपून संध्याकाळी परतते. तिने पुढच्या वेळी जागा ऐसपैस असलेले दालन निवडले तर तिला दोष कसा द्यायचा? दाटीचा धोका तर आणखी मोठा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये गोरेलाल चौकातल्या एका हॉटेलला आग लागून सात जणांचा जीव गेला, तो दिवस हे शहर विसरलेले नाही. अग्निशमनाची गाडी जाईल एवढी मोकळी वाट ठेवणे हा बाजार टिकवण्याचा पहिला नियम आहे.

आणि पाचवे कारण घराघरातले. बिडी, कापड, भांडी यांत पिढ्या घालवलेल्या घरांतली मुले शिकून नागपूर, पुणे, हैदराबादला गेली. गल्ल्यावर बसायला कोणी नाही. हे शटर मंदीमुळे पडलेले नसते, वारस नसल्यामुळे पडलेले असते. असे दुकान चालवायला तयार असणारा दुसरा तरुण त्याच शहरात असतो, पण दोघांची गाठ घालून देणारी कोणतीही व्यवस्था नसते.

काय करून पाहिले गेले

रिकाम्या दुकानांचे दुखणे आपले एकट्याचे नाही. जपानमध्ये बंद दुकानांच्या गल्ल्यांना ‘शटर गल्ली’ असे नावच पडले आहे. मोठ्या दालनांना आवर घालणारा १९७३ चा कायदा त्यांनी २००० मध्ये रद्द केला आणि जुन्या बाजारगल्ल्यांची पडझड वाढली. ताकामात्सू शहरातल्या मारुगामेमाची या गल्लीने यातून वेगळी वाट काढली. जमीन मालकांकडेच राहिली, पण ती दीर्घ मुदतीने गल्लीच्या सामाईक कंपनीला दिली गेली. कोणत्या जागी कसले दुकान असावे हे ती कंपनी ठरवू लागली. मालकी आणि वापर वेगळे झाल्यामुळे ‘माझे शटर, माझी मर्जी’ हा तिढा सुटला.

इंग्लंडने कायद्याचा बडगा उचलला. २०२३ च्या कायद्यातली तरतूद डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. दोन वर्षांत एकूण ३६५ दिवसांहून अधिक बंद राहिलेल्या दुकानाचा भाडेहक्क स्थानिक परिषद लिलावात काढू शकते आणि १ ते ५ वर्षांसाठी ते दुसऱ्याला देऊ शकते. फ्रान्सने २०१८ मध्ये २२२ मध्यम शहरांच्या मध्यभागासाठी कार्यक्रम आखला. त्यात दुकानांइतकाच भर जुन्या इमारतींत माणसे राहायला आणण्यावर होता, कारण वरच्या मजल्यावर कोणी राहत नसेल तर खालच्या दुकानात संध्याकाळी कोण येणार?

मला सर्वात शिकण्यासारखे वाटते ते ऑस्ट्रेलियातले न्यूकॅसल. तिथला पोलाद कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, म्हणजे गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी. २००८ मध्ये काही लोकांनी शहराच्या मध्यातल्या रिकाम्या दुकानांच्या मालकांना गाठले. तुमचे कायमचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत दुकान आम्हाला महिन्याच्या बोलीवर द्या, म्हणाल तेव्हा ३० दिवसांत सोडू, एवढेच त्यांचे म्हणणे. शिंपी, चित्रकार, छोटे कारागीर आत आले. मालकाची भीती गेली, कारण भाडेकरू चिकटून बसणार नव्हता. उघडी दुकाने दिसू लागली तशी माणसेही परतली.

आपल्याकडच्या प्रयोगांत पुण्याने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन सुरू केला. गाड्या बंद झाल्या तर धंदा बुडेल ही दुकानदारांची भीती असतेच. ती तपासून पाहण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. मुंबईत भेंडी बाजाराचा साडेसोळा एकरांचा पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने हाती घेतला. त्यात राहणाऱ्यांइतकाच जुन्या दुकानांच्या जागेचा हिशेब होता. मात्र अशा कामाला लागणारा पैसा आणि समाजाची एकजूट हे दोन्ही दुर्मीळ आहे, त्यामुळे गोंदियासारख्या शहराने त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

कौल आणि इस्तावा

परदेशाकडे पाहताना आपण घरातली जुनी वही उघडायची विसरतो. ओस गाव वसवण्याचे आणि नवी पेठ भरवण्याचे शास्त्र मराठी मुलखाला चांगले ठाऊक होते. उजाड झालेले पुणे शहाजीराजांच्या जहागिरीत पुन्हा वसवले गेले ते रयतेला कौल, म्हणजे सवलतींची हमी, देऊन. पेशवाईत नव्या पेठा वसवताना शेटे-महाजनांना कौल मिळे. पहिली काही वर्षे कर माफ, मग हळूहळू वाढत जाणारा. जमिनीसाठी याच चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन, आणि गुळाचा बाजार तिथे रुजला. लातूरची गंजगोलाई १९१७ ची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये देवीचे मंदिर आहे, आणि रस्त्यागणिक एकेका मालाची दुकाने होत गेली. गंजगोलाई आखून बांधलेली आहे हे खरे. पण तिथे बांधकामाआधी येण्याचे कारण आखले गेले होते. देवाला येणारा बाजार करतो आणि बाजाराला येणारा देवाला जातो.

आजच्या गाळ्याच्या लिलावाची रीत याच्या नेमकी उलटी आहे. आपण पहिल्याच दिवशी सर्वात मोठी अनामत मागतो, म्हणजे धंदा उभा राहण्याआधीच भांडवल काढून घेतो. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तोच बोली लावतो, आणि बऱ्याचदा गाळा चालवण्यापेक्षा अडवून ठेवतो. त्याऐवजी इस्ताव्याची पद्धत आणता येईल. पहिल्या वर्षी नाममात्र भाडे, दुसऱ्या वर्षी अर्धे, तिसऱ्या वर्षापासून पूर्ण. अट एकच, दुकान ठरलेले दिवस उघडे असले पाहिजे. बंद ठेवले तर गाळा परत.

छोट्याला हात देणाऱ्या सोयी

सोयी नाहीत असे नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना असतात. हातगाडीवाला आणि दुकानदार यांचे भांडण रस्त्यावर सोडवण्यापेक्षा या समितीत सोडवायचे असते. फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली. २०२५ च्या सुधारणेनंतर तिच्या कर्जाचे टप्पे १५, २५ आणि ५० हजार रुपये असे आहेत आणि ती मार्च २०३० पर्यंत चालणार आहे. मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या कायद्याने नोंदणीऐवजी फक्त सूचना देणे पुरते. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणीही लागत नाही. बचत गटांना उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांचा आधार आहे.

अडचण अशी की या सगळ्या सोयी माणसाला भांडवल देतात, जागा देत नाहीत. मोहफुलांचे लाडू, लाखेच्या बांगड्या, घरगुती सांडगे-पापड किंवा शिवणकाम करणाऱ्या गटाला कर्ज मिळते. पण गोरेलाल चौकात बसायला चार फूट जागा मिळत नाही, आणि फुलचुरातल्या नव्या गाळ्याचे भाडे परवडत नाही. शंभर चौरस फुटांचा गाळा दोन बायांनी सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यायचा म्हटले, तर करारनाम्यात तशी ओळच नसते.

गोंदिया आणि फुलचूर: एकाच ताटातले

हद्दवाढीचा विषय निघाला की शहर म्हणते, आमच्या सोयी वापरता तर आमचा कर भरा. गावे म्हणतात, शहरात येऊन आम्हाला मिळणार काय? दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. पण बाजाराच्या प्रश्नाला हद्दीची रेघ कळत नाही. शहरातले दुकान बंद पडले की फुलचुरात एक गाळा उघडतो, असा सरळ हिशेब अनेकांच्या मनात असतो. तो अर्धाच खरा आहे. रस्त्याकडेचा गाळा येणाऱ्या-जाणाऱ्यावर चालतो. महामार्गाची रचना बदलली, वळणरस्ता निघाला, तर येणारा-जाणारा दुसरीकडून जाईल. रेल्वेची गाडी बदलण्याची वेळ गेली तेव्हा गोंदियाने जे सोसले, ते फुलचूरच्या वाट्यालाही येऊ शकते. म्हणून फुलचूरने आपला आठवडी बाजार, शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत यांच्याभोवती पायी येण्यासारखा स्वतःचा मध्य आजच राखला पाहिजे. गोंदियाने जुन्या बाजारात माणूस थांबेल अशी कारणे परत आणली पाहिजेत. एखादे दाखले देणारे सेवा केंद्र, रेल्वेस्थानकापासून चौकापर्यंत सलग फूटपाथ, बायकांसाठी पहारा असलेले स्वच्छतागृह, आणि धान-चुकाऱ्यांच्या दिवसांत आठवड्यातून एक संध्याकाळ गाड्या बंद ठेवून भरवलेली शहराची मंडई. झाडीपट्टीतल्या माणसाला मंडई समजावून सांगावी लागत नाही.

यातले बरेचसे कोट्यवधींचे काम नाही. पण त्याआधी एक काम हवे, आणि त्याला पैसाही लागत नाही. आज कोणालाही विचारा, गोंदियात नेमके किती गाळे बंद आहेत आणि फुलचुरात किती, उत्तर अंदाजानेच मिळेल. महाराष्ट्र दिनाला ग्रामसभा होते आणि तोच गोंदिया जिल्ह्याचा वाढदिवस आहे. येत्या १ मे रोजी फुलचूरच्या ग्रामसभेत आणि त्याच आठवड्यात गोंदिया नगरपरिषदेत एक यादी वाचली जावी: बंद गाळा कोणता, मालक पालिका की खासगी, किती महिने बंद, आणि कारण काय. व्यापारी संघटनेची चार मुले आणि महाविद्यालयातली वीस मुले दोन रविवारांत ही यादी करू शकतील. कोणत्या शटरला कमी भाडे हवे, कोणत्याला करार, कोणत्याला वारस आणि कोणत्याला फक्त समोरचा फूटपाथ, हे त्या यादीतच दिसेल. तोवर नवे व्यापारी संकुल मंजूर करू नये.